घरातली वीज, तपासणी आणि गच्चीवरचं सोलर: कोल्हापूरकर नेहमी विचारतात ते प्रश्न

पावसाळा तोंडावर आला की माझा फोन वाजायला लागतो, आणि गणपतीच्या आधी पुन्हा एकदा. माणसं वेगळी असतात, प्रश्न फिरून फिरून तेच. म्हणून एकदा नीट लिहून काढले. मी परवाना असलेला इलेक्ट्रिकल ठेकेदार. पेठेतल्या मातीच्या भिंतींपासून रिंग रोडच्या नव्या अपार्टमेंटपर्यंत वायरिंग करत आलो, अलीकडे निम्मं काम सोलरचं असतं. सोलरसाठी कुणी बोलावलं तर मी आधी गच्चीवर जात नाही, जिन्याखालचा मेन बोर्ड दाखवा म्हणतो. काही जणांना ते आवडत नाही.

सोलर गच्चीवर बसणार. खालच्या जुन्या वायरिंगशी त्याचा काय संबंध?

सगळा संबंध तिथंच आहे. गच्चीवरून येणारी वीज शेवटी तुमच्याच बोर्डात येऊन मिळते. ३ किलोवॅटचं सोलर भर दुपारी साधारण १३ अँपिअर करंट आत ढकलतं. तो तुमच्याच न्यूट्रलमधून (करंट परत नेणारी वायर) आणि मीटरकडे जाणाऱ्या त्याच जुन्या वायरमधून जातो. तिथला एखादा स्क्रू सैल असेल तर इतकी वर्षं तो फक्त संध्याकाळी, गिझर-मिक्सर चालू असताना तापायचा. आता रोज चार-पाच तास तापणार. सोलरचा इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलची वीज घरात चालेल अशी करणारा डबा, वीज बाहेर ढकलताना घरातला व्होल्टेज थोडा वर जातोच. वायर बारीक आणि जोड खराब असतील तर तो इतका चढतो की इन्व्हर्टर स्वतःच बंद पडतो. मग मालक म्हणतात, सोलर बोगस निघालं. सोलर ठीक असतं, खाली चाळीस वर्षांपूर्वीचा कटआऊट, म्हणजे चिनी मातीचा फ्यूज असतो.

एमसीबी बसवल्यात. आता शॉकची भीती नाही ना?

आहे. एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा खटका, वायरला वाचवते, माणसाला नाही. १६ अँपिअरची एमसीबी १६ अँपिअरपर्यंत गप्पच बसते. माणसाच्या छातीतून ३० मिलिअँपिअर, म्हणजे ०.०३ अँपिअर गेला तरी जीव धोक्यात येतो. हिशेब करा, पाचशेपटीहून जास्त फरक आहे. तुम्ही वायरला चिकटून उभे राहिलात तरी एमसीबीला वाटेल एखादा छोटा दिवा लागलाय.

माणसासाठी असते ती आरसीसीबी. तिच्यावर ३० एमए (मिलिअँपिअर) लिहिलेलं बघून घ्या. आत गेलेला करंट आणि परत आलेला करंट ती सतत तोलत असते. मधल्या मध्ये कुठं गळाला, कुणाच्या हातातून जमिनीत गेला, की ०.३ सेकंदाच्या आत लाईन तोडते. तिच्यावर ‘टी’ लिहिलेलं एक बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबायचं, आरसीसीबी पडली पाहिजे. आमच्याकडं अमावास्येला गाडीला लिंबू-मिरची बांधायला कुणी विसरत नाही, त्याच दिवशी हे बटण दाबा म्हणजे लक्षात राहील.

आरसीसीबी ओव्हरलोडला पडत नाही, त्यासाठी एमसीबी लागतेच. दोन्ही कामं एकात हवी असतील तर आरसीबीओ मिळतो, थोडा महाग पडतो.

परसात खड्डा काढून चांगलं अर्थिंग केलंय. मग आरसीसीबी कशाला?

हा प्रश्न शिकलेली माणसंही विचारतात, म्हणून आकड्यांनी सांगतो. समजा तुमच्या अर्थिंगचा रोध ५ ओहम आला, म्हणजे घरासाठी चांगला. गिझरच्या पत्र्याला फेज (करंट आणणारी जिवंत वायर) चिकटला तर अर्थमधून जास्तीत जास्त किती करंट जाईल? २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपिअर. घरात सर्रास बसवतात ती १६ अँपिअरची ‘सी’ प्रकारातली एमसीबी तडकाफडकी पडायला ८० ते १६० अँपिअर लागतात. ४६ अँपिअरला ती पडेल, पण तापून, काही सेकंद घेऊन. तेवढा वेळ गिझरचा पत्रा आणि नळाची तोटी जिवंत. उन्हाळ्यात खड्डा वाळला आणि रोध १५-२० ओहमवर गेला तर ती पडणारच नाही.

म्हणून अर्थिंग आणि आरसीसीबी ही जोडी आहे. करंटला वाट करून देतं ते अर्थिंग, आणि त्या वाटेवर पहारा ठेवते ती आरसीसीबी. खड्ड्यात मीठ-कोळसा घालून विषय संपला असं समजू नका. उन्हाळ्यात पाणी घाला आणि दोन वर्षांतून एकदा अर्थ टेस्टरनं मोजून घ्या. अर्थची वायर पाण्याच्या पाइपला बांधणारे अजून भेटतात. पूर्वी पाइप लोखंडी होते, आता मध्येच कुणीतरी पीव्हीसीचा तुकडा घातलेला असतो, आणि ते अर्थिंग हवेत लटकत असतं.

पावसाळ्यात भिंतीला हात लावला की मुंग्या येतात. ओल आहे म्हणून असेल का?

ओल नुसती वाट देते, करंट दुसऱ्या कुणाचा तरी असतो. तातडीनं मेन बंद करा आणि कुणाला तरी बोलवा.

शिवाजी पेठेतल्या एका घरी गेलो होतो. सोपा, माजघर, वर माडी, दोन फुटी मातीच्या भिंती. आज्जी म्हणाल्या, “गेल्या दोन पावसाळ्यांत ही भिंत चावतीया बघ.” घरातल्या तरुण मंडळींना ते आज्जीचं काहीतरी वाटायचं, कारण ते चप्पल घालून वावरायचे आणि आज्जी अनवाणी. मी मीटर लावला तर भिंतीच्या ओल्या पट्ट्यावर चक्क ९० व्होल्ट. वरच्या अंगाला जोतिबाचा फोटो होता. फोटो उतरवला. त्याचा खिळा सरळ आत जाऊन प्लॅस्टरखालच्या वायरमध्ये घुसलेला. फेजच्या तांब्याला टोक जेमतेम टेकलेलं. उन्हाळ्यात भिंत कोरडी असेपर्यंत काही नाही, जुलैत ओल वर चढली की खिळा भिंतीला करंट द्यायचा. घरात आरसीसीबी असती तर पहिल्याच पावसात पडली असती आणि दोन वर्षं कुणाला आज्जीवर शंका घ्यावी लागली नसती.

फोटो आता शेजारच्या खांबावर आहे. खिळा ठोकताना एवढंच बघा: स्विचबोर्डाच्या सरळ वर, सरळ खाली आणि आडव्या रेषेत ठोकू नका. वायर बहुतेक वेळा तिथूनच गेलेली असते.

आरसीसीबी सारखी पडते. वायरमन म्हणाला, काढून टाका.

त्या वायरमनला चहा पाजून परत पाठवा. पडण्याची कारणं मोजकी आहेत. सगळ्या एमसीबी खाली करा, आरसीसीबी वर करा, मग एकेक एमसीबी चढवत जा. ज्या एमसीबीला पडेल त्या लाईनवर दोष. बहुतेकदा गिझरची कॉइल, वॉशिंग मशीन, किंवा गच्चीतल्या बोर्डात शिरलेलं पाणी. गिझरची कॉइल फुटलेली असली तरी पाणी छान तापतं, म्हणून घरचे मानायला तयार होत नाहीत.

दुसरं कारण जास्त फसवं असतं. घरात बॅटरीवरचा इन्व्हर्टर बसवला आणि दुसऱ्या दिवसापासून आरसीसीबी पडायला लागली. इथं इन्व्हर्टरवाल्यानं त्याच्या लाईनचा न्यूट्रल कुठल्या तरी बोर्डात दुसऱ्या न्यूट्रलला जोडून टाकलेला असतो. आत गेलेला करंट दुसऱ्याच वाटेनं परत येतो, तोलाचं गणित बिघडतं. न्यूट्रल वेगळे केले की संपलं. दोन-तीन तासांचं किचकट काम आहे, म्हणून ‘काढून टाका’ हा सल्ला मिळतो.

जुन्या घरात लाकडी पट्टीवरची वायरिंग आहे, अजून चालतेय. बदलायलाच हवी का?

हो. वायरवरचं रबर वाळून पापडासारखं झालेलं असतं, हात लागला की गळतं. काही घरांत ॲल्युमिनियमची वायर असते. ती स्क्रूखाली दबून हळूहळू सैल होते आणि तिला तांब्याची वायर पिळून जोडली असेल तर तो जोड तापतोच. चिनी मातीच्या कटआऊटमध्ये फ्यूज सारखा जातो म्हणून तारेचे चार पदर घातलेले असतील, तर तो आता फ्यूज राहिलेला नाही.

सगळं एकदम जमत नसेल तर हा क्रम घ्या: आधी मेन बोर्ड आणि आरसीसीबी, मग स्वयंपाकघर-न्हाणीघर, मग बाकी. लाईट-पंख्याला १.५ चौरस मिलिमीटरची वायर, १६ अँपिअरच्या पॉइंटला २.५, गिझर-एसीला ४. आयएसआयची खूण नुसती बघू नका. खाली छापलेला परवाना क्रमांक बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरो) केअर ॲपवर टाकला की खरी-खोटी लगेच कळते.

तपासणी म्हणजे नेमकं काय करता? टेस्टर लावून तर आम्हीही बघतो.

टेस्टर फक्त फेज आहे का ते सांगतो, तेही नेहमी खरं नाही. वायरिंग चांगलं आहे का, हे त्याला कळत नाही.

मी आल्यावर पहिला अर्धा तास कशालाच हात लावत नाही, हिंडून बघतो आणि वास घेतो. तापलेल्या बोर्डाला कुजक्या माशासारखा वास येतो. घरच्यांना तो सवयीचा झालेला असतो, पाहुण्याला लगेच कळतो. मग मेन बंद करून बोर्ड उघडतो, एकेक स्क्रू आवळतो. त्यानंतर मेगर. ५०० व्होल्ट देऊन वायरचं आवरण तपासायचं, किमान १ मेगओहम तरी यायला हवा. नव्या वायरिंगला तो शंभराच्या वर जातो. जुन्या पेठेत ०.२ बघितलाय. मग अर्थिंगचा रोध, प्रत्येक सॉकेटच्या अर्थपिनेत खरंच अर्थ येतो का, फेज-न्यूट्रल उलटे आहेत का, आरसीसीबी किती मिलिसेकंदांत पडते. शेवटी सगळं घर चालू करून बोर्ड किती तापतो ते थर्मल कॅमेऱ्यानं बघायचं.

थ्री-पिनची मोठी पिन बऱ्याच सॉकेटांत मुकी असते. बाहेरून सगळं झकास, मागं वायरच नाही.

किती वर्षांनी करायची? आणि करणार कोण?

राहत्या घराची पाच वर्षांनी एकदा, तीस वर्षांपेक्षा जुनं घर असेल तर दोन-तीन वर्षांनी. घर विकत घेताना सौद्याआधी करा, रंग बघून फसू नका.

करणारा परवानाधारक हवा. महाराष्ट्रात ठेकेदार, पर्यवेक्षक आणि तारतंत्री या तिघांनाही परवाना लागतो. तो मागायला लाजू नका. डॉक्टरची पदवी भिंतीवर लावलेली चालते, तर वायरमनचं कार्ड बघितलं म्हणून तो रागावू नये. नवीन जोडणीसाठी किंवा मंजूर भार वाढवायला महावितरणला टेस्ट रिपोर्ट लागतो, त्यावरही परवानाधारक ठेकेदाराचीच सही लागते. सही एकाची आणि काम भलत्याचंच, हा प्रकार आपल्या धंद्यात आहे, तो मी नाकारत नाही.

१५ मीटरपेक्षा उंच इमारतीला वीजपुरवठा सुरू करण्याआधी विद्युत निरीक्षकांची मंजुरी लागते. हॉस्पिटल, हॉटेल, मंगल कार्यालय, उंच इमारती अशांना अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचं ‘बी’ फॉर्मचं प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, तेव्हा निम्मं गाव रडलं. त्यानंतर महिनाभर मला सभागृहांचे, क्लासवाल्यांचे फोन होते. नंतर पुन्हा थंडा कारभार.

आमचा भाग पुरात जातो. काय तयारी ठेवायची?

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ वर धोका, हे इथल्या पोराटोरांनाही पाठ आहे. २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. तुमच्या भिंतीवर त्या पाण्याची खूण असेल तर तीच तुमची पट्टी. मेन बोर्ड, आरसीसीबी, इन्व्हर्टर-बॅटरी आणि सोलरचा इन्व्हर्टर असेल तर तोही, त्या खुणेच्या किमान दोन फूट वर न्या. तळमजल्याचं सर्किट वेगळं करून ठेवा, म्हणजे खालचं बंद करून वरच्या मजल्यावर राहता येतं. मीटर हलवायला महावितरणकडं अर्ज करावा लागतो. तो आत्ताच करा, पाणी उंबऱ्याला लागल्यावर नाही.

पाणी घरात शिरायच्या आधी मेन बंद करा. बॅटरीचा इन्व्हर्टर वेगळा बंद करायचा, हे बरेच जण विसरतात. बाहेरची लाईट गेलेली असते, पाण्यात उभ्या बोर्डाला मात्र इन्व्हर्टर इमानेइतबारे २३० व्होल्ट देत असतो. मेन स्विचकडं जायला पाण्यातून चालावं लागत असेल तर जाऊ नका, १९१२ ला फोन करून बाहेरून बंद करायला सांगा.

ओसरल्यावरची घाई त्याहून वाईट. २०१९ ला गाळ अजून घरात असताना लोक मेन चढवायला निघाले होते, मोबाइल चार्ज करायचा म्हणून. पाण्यात बुडालेल्या एमसीबी, आरसीसीबी, बटणं आणि सॉकेट टाकून द्या. धुऊन, वाळवून बाहेरून नवी दिसतात, आत गाळाचा पापुद्रा राहतो आणि ऐनवेळी एमसीबी पडत नाही. चांगली पीव्हीसी वायर बहुतेक वाचते, पाइपात साचलेलं पाणी काढायला मात्र आठ-दहा दिवस द्यावे लागतात. मग मेगर, आणि मेगर पास झाला तरच लाईट. पाण्याच्या मोटारी उद्यमनगरात वाळवून, वार्निश करून मिळतात. फ्रीजच्या बाबतीत कुणाचं ऐकू नका, बुडालेला फ्रीज तपासल्याशिवाय लावायचा नाही.

गच्चीवरचे पॅनल मात्र पुरातही, ऊन आहे तोपर्यंत, चालूच असतात. पॅनलकडून खाली आलेली वायर पाण्यात असेल तर त्या पाण्यापासून लांब राहा. मेन बंद केलाय, या भरवशावर राहू नका.

वादळात अख्ख्या गल्लीचे टीव्ही जळाले. असं कशानं होतं?

खांबावरचा न्यूट्रल तुटला. थ्री-फेज लाईनमध्ये दोन फेजच्या मध्ये ४०० व्होल्टच्या वर असतात. न्यूट्रल धरून ठेवतो म्हणून प्रत्येक घराला २३० मिळतात. तो सुटला की ज्या घरात लोड कमी, तिथं व्होल्टेज वर उडतो. दिवे एकदम लख्ख झाले आणि शेजारच्यांचे मिणमिणले, तर बघत बसू नका, मेन पाडा. मेनवर ओव्हर-व्होल्टेज रिले बसवला तर हे काम तोच करतो.

बादलीत रॉड टाकून पाणी तापवतो. चालेल?

नाही. त्यापेक्षा बंब बरा, धूर झाला तरी.

गोठ्यात म्हैस दावणीला यायला घाबरते. लाईटचा काही संबंध असेल का?

असतो. गंगावेशीतल्या कट्ट्यावर धारोष्ण दूध पिणाऱ्यांना कल्पना नसेल, पण मी वर्षातून दोन-चार वेळा गोठ्यात जातो. कडबाकुट्टीची मोटार लोखंडी सांगाड्याला थोडी गळत असते, सांगाडा दावणीच्या साखळीला टेकलेला. गडी गमबूट घालून फिरतो, त्याला काहीच कळत नाही. म्हैस चार पायांनी ओल्या शेणा-मुतात उभी, वर तोंडाला लोखंड. माणसाला जाणवणारही नाहीत एवढे थोडे व्होल्टही तिला झोंबतात. पाणी कमी पिते, दुधाला आटते. मालक आधी ढोराचा डॉक्टर आणतो, मग देवर्षी, मग मला. कडबाकुट्टीला वेगळं अर्थिंग, गोठ्याला स्वतंत्र आरसीसीबी आणि लटकणाऱ्या होल्डरऐवजी बंद दिवा, एवढंच काम असतं.

मंडळाच्या मांडवाला कुठून लाईन घ्यायची?

महावितरणची तात्पुरती जोडणी घ्या. समोरच्या दुकानातून वायर ओढू नका आणि आकडा तर अजिबात नको. मांडव पत्र्याचा, सांगाडा लोखंडी, पाऊस भाद्रपदातला. सांगाड्याला अर्थिंग आणि लाईनला ३० एमएची आरसीसीबी, एवढ्यावर तडजोड नाही. जोड इन्सुलेशन टेप गुंडाळून जमिनीवर सोडायचे नाहीत. विसर्जनाला ट्रॉलीवरचा देखावा किती उंच होतोय ते आधी मोजा आणि मार्गावरच्या तारांची उंची बघून या. तालमीतली पोरं ऐकत नाहीत म्हणून हे काम मंडळाच्या एखाद्या वडीलधाऱ्याकडं द्या.

सोलर किती किलोवॅटचं बसवू? अनुदान किती मिळतं?

बारा महिन्यांची बिलं समोर ठेवा आणि वर्षाचे युनिट मोजा. आपल्याकडं १ किलोवॅट वर्षाच्या सरासरीनं रोज ४ युनिट देतं. महिन्याला ३५० युनिट जळत असतील तर ३ किलोवॅट पुरे. जागा किलोवॅटला सुमारे १०० चौरस फूट, तीही सावलीविना. एप्रिलमध्ये खुशीत असता, जुलैत उत्पादन निम्म्यावर, कधी त्याहून खाली येतं. हिशेब वर्षाचा धरा, महिन्याचा नको.

पीएम सूर्यघर योजनेत (सुरुवात फेब्रुवारी २०२४) घरगुती ग्राहकाला १ किलोवॅटला ३०,००० रुपये, २ ला ६०,००० आणि ३ किंवा त्याहून जास्त किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. म्हणजे ५ किलोवॅट बसवलं तरी ७८,०००च. १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला वेगळी तांत्रिक व्यवहार्यता तपासणी लागत नाही. पॅनल देशात बनलेलेच, सेलसुद्धा इथलेच हवेत. ते नसतील तर अनुदान मिळत नाही. पैसे सोलर सुरू झाल्यावर खात्यात येतात. ‘आधी अनुदान वजा करून देतो’ म्हणणाऱ्याकडून तसं लिहून घ्या.

दुपारी उरलेली वीज ग्रीडला, म्हणजे महावितरणच्या लाईनला जाते आणि नेट मीटरच्या हिशेबात तुमच्या वापरातून वजा होते. आर्थिक वर्षाअखेर जे युनिट शिल्लक राहतात त्यांचा मोबदला किरकोळ असतो. त्यामुळे गरजेपेक्षा मोठं बसवून वीज विकायचं स्वप्न बघू नका. स्थिर आकार भरावाच लागतो. ‘बिल शून्य’ हा शब्द फ्लेक्सवर शोभतो.

लाईट गेली की सोलरवर घर चालेल का?

नाही. हे ऐकून दर दोन गिऱ्हाइकांतलं एक खट्टू होतं. ग्रीडला जोडलेला इन्व्हर्टर बाहेरची लाईन गेल्याक्षणी बंद होतो आणि तसं झालंच पाहिजे. खांबावर दुरुस्तीला चढलेल्या वायरमनच्या हातात तुमच्या गच्चीवरची वीज जायला नको. बॅकअप पाहिजे असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी घ्यावी लागते, खर्च बराच वाढतो.

सोलरनं आग लागते म्हणतात, खरं का?

पॅनलनं क्वचित, जोडानं लागते. सहा पॅनल एका माळेत जोडले की ३०० व्होल्टच्या आसपास डीसी (एकाच दिशेनं वाहणारा करंट) होतो. घरातला एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळं ठिणगी पडली तरी विझायला संधी मिळते. डीसीची ठिणगी विझत नाही, वेल्डिंगसारखी जळत राहते. पॅनलला खटकाही नाही, ऊन असेपर्यंत तो वीज देणारच.

एका बंगल्यावर गेलो होतो, सोलर बसवून जेमतेम दीड वर्ष झालेलं. तक्रार एवढीच की युनिट कमी पडतात. पॅनल चकचकीत, इन्व्हर्टरवर एरर नाही. वाकून खाली बघितलं तर एक एमसी-४ कनेक्टर (पॅनलच्या वायरी जोडणारा प्लग) आईस्क्रीम वितळल्यासारखा ओघळलेला आणि पत्र्यावर काळा डाग. उघडला. एक अर्धा भाग एका कंपनीचा, दुसरा दुसऱ्याच, आणि पिन क्रिम्पिंगच्या हत्याराऐवजी पकडीनं चेपलेली. दोन्ही एकमेकांत बसतात, ‘टक्’ असा आवाजही येतो, आत मात्र नीट टेकत नाहीत. पंचवीस-तीस रुपयांची बचत. वायरही सांगाड्याला टाय लावून न बांधता तशीच लोंबत होती, वाऱ्यानं घासत होती.

सोलर बसवून घेताना हे विचारा: कनेक्टर दोन्ही बाजूला एकाच कंपनीचे का? डीसी बाजूला डीसीसाठीचाच स्विच आणि एसपीडी (तारांतून येणारा विजेचा झटका अडवणारं यंत्र) आहे का? बोर्डावर ‘दोन बाजूंनी पुरवठा’ असं ठळक लिहिलंय का? बसवणाऱ्याच्या कपाळाला आठी पडली तर कळून जा.

वळवात विजा फार होतात. पॅनलवर वीज पडेल का?

पॅनल वीज ओढत नाहीत. तरी लाइटनिंग अरेस्टर (पडणारी वीज जमिनीत नेणारा दांडा) लावतातच, आणि त्याला स्वतःचा वेगळा अर्थिंगचा खड्डा लागतो. डीसी, एसी आणि अरेस्टर मिळून तीन खड्डे होतात. कोटेशनमध्ये तीन लिहून जागेवर दोनच काढलेले मी बघितलेत, म्हणून काम चालू असताना फोटो काढून ठेवा. लांब कुठं वीज पडली तरी तारांतून झटका येतो, त्यापासून इन्व्हर्टरला एसपीडी वाचवतो, अरेस्टर नाही.

कौलारू घरावर सोलर बसतं का?

मंगलोरी कौलांवर थेट नाही. खालचे वासे आणि रीप बघावे लागतात, बहुतेकदा परड्यात किंवा मागच्या स्लॅबवर वेगळा सांगाडा उभा करणं स्वस्त पडतं. वाळवी लागलेल्या वाशावर मी चढत नाही, सोलरही चढवत नाही. पत्र्याच्या शेडला चालतं, पण आपल्याकडचा वारा-पाऊस धरून सांगाड्याचं गणित करून घ्या. पॅनल दक्षिणेकडं तोंड करून, साधारण १५-१७ अंश कलते.

पॅनल किती वेळा धुवायचे?

पंधरा दिवसांतून एकदा. गळीत हंगामात धुराड्यांच्या पट्ट्यातल्या गावांत काजळी बसते, तिथं आठवड्याला. सकाळी लवकर धुवा. तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका. बोअरचं जड पाणी वाळून पांढरे डाग पडतात, शेवटचा हात गोड्या पाण्याचा फिरवा. पॅनलवर पाय देऊन उभं राहिलात तर आतला सेल तडकतो, वरून दिसत नाही. नारळाच्या झावळीची किंवा पाण्याच्या टाकीची सावली एकाच पॅनलवर पडली तरी सगळ्या माळेचं उत्पादन घसरतं.

अपार्टमेंटला मिळून करता येतं का?

येतं. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे अशा सामाईक वापरासाठी सोसायटीला किलोवॅटला १८,००० रुपये अनुदान आहे. अडचण तांत्रिक नसते, गच्ची कुणाची यावर मीटिंग तीन तास चालते. ठराव करून घ्या, मग मला बोलवा.

तपासणीच्या दिवशी घरच्यांनी काय करायचं?

सकाळी पाण्याची टाकी भरून ठेवा, कारण दोन-तीन तास लाईट बंद राहील. मोबाइल आदल्या रात्री चार्ज करा. मेन बोर्डासमोरचं शू-रॅक आणि वरच्या कपाटातली गाद्यांची बोचकी आधीच हलवा, नाहीतर माझा पहिला तास त्यातच जातो. जुन्या कामाचा कागद किंवा भिंत फोडतानाचा फोटो असेल तर काढून ठेवा. घरातल्या आज्जी-आजोबांना झोपू देऊ नका, कुठला खटका कधी कुरकुरतो हे त्यांनाच नेमकं माहीत असतं.